हनुवटीखालचा रंग

वापरलेला प्लिओ, म्हणजे डायनासोरच्या पिल्लासारखं रबरी कातडीचं यांत्रिक खेळणं, विकायला काढणारे फोटो बाजूने काढतात, समोरून काढतात, शेपटी वळवून काढतात. हनुवटीखालचा फोटो मात्र आपणहून मागावा लागतो. तो आला की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं: रंग पुसट होत गेलेला, मधोमध कातडी उघडी पडून तुकतुकीत झालेली, कडेला हाताच्या मळाची राखाडी रेघ. डोक्यावर तसाच एक डाग, पाठीच्या मध्यावर आणखी एक. विकणाऱ्याने लपवाछपवी केलेली असतेच असं नाही. इतकी वर्षं त्या जागेवर हात असायचा, तिथे नजर कशाला जाईल?

प्लिओच्या अंगात स्पर्श ओळखणारे आठ सेन्सर आहेत. डोकं, हनुवटी, खांदे, पाठ आणि पाय या त्यांच्या जागा. म्हणजे माणसाचा हात कुठे जाणार याचा अंदाज बनवणाऱ्यांनी आधीच बांधला होता, आणि तो इतका बरोबर निघाला की आज नेमक्या त्याच जागांचा रंग उडालेला आहे. आतलं काही न उघडता, नुसत्या टकलांवरून सेन्सर कुठे असतील ते बऱ्यापैकी सांगता येतं. पाय तेवढे अपवाद. ते फरशीवर घासून झिजतात, त्यात लाडाचा भाग नाही.

टचअपला बसणाऱ्याची अडचण इथूनच सुरू होते. जी जागा सर्वांत आधी नीट करावीशी वाटते, तिथेच नवा रंग सर्वांत कमी टिकणार असतो.

फर्बीच्या दोन जनकांपैकी एक असलेल्या केलेब चुंगच्या युगोबी कंपनीने डिसेंबर २००७ मध्ये हे आठवड्याभराचं कॅमरासॉरसचं पिल्लू ३४९ डॉलरला बाजारात आणलं आणि एप्रिल २००९ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. हाँगकाँगच्या जेट्टा कंपनीने पुढे इनव्हो लॅब्जच्या नावाने ‘प्लिओ आरबी’ काढला, पण पहिल्या पिढीतल्या पिल्लांच्या कातडीला कुणी वाली उरला नाही. सोनीच्या आयबोची गोष्ट वेगळी. तो रोबो-कुत्रा कडक प्लॅस्टिकच्या तुकड्यांचा. सांधा हलतो तेव्हा दोन तुकडे एकमेकांपासून फक्त सरकतात. सोनीने २०१४ मध्ये जुन्या आयबोंची दुरुस्ती बंद केली, तेव्हा जपानमध्ये बिघडलेल्या आयबोंचे भाग काढून दुसऱ्यांना बसवायची सोय लोकांनी उभी केली. भाग काढण्याआधी चिबा प्रांतातल्या इसुमी गावच्या कोफुकुजी मंदिरात त्यांच्यासाठी प्रार्थनाही होऊ लागली. प्लिओला मोटर किंवा बॅटरी अशी उसनी मिळू शकते. कातडी मिळत नाही, कारण देणाऱ्याची कातडीही तेवढीच म्हातारी झालेली असते.

या कातडीच्या आत १४ मोटरी आहेत आणि त्या तिला रात्रंदिवस ओढत असतात. बाहुलीचा चेहरा रंगवणाऱ्यांचे, प्लॅस्टिकची विमानं रंगवणाऱ्यांचे सगळे सल्ले इथे अर्धेच लागू पडतात ते त्यामुळे. स्थिर पृष्ठभागावर देखणा दिसणारा रंग प्लिओने एकदा मान वळवली की बारीक भेगांनी भरतो, दोन दिवसांत पोपडे धरतात आणि चार दिवसांनी मानेखाली हिरवा चुरा सापडतो. रंगाची छटा थोडी इकडे-तिकडे झाली तरी चालून जाते. लवचीकपणात चूक चालत नाही.

कातडी सिलिकॉनची नाही, थर्मोप्लास्टिक रबराच्या जातीची आहे. शंका असेल तर आतल्या, न दिसणाऱ्या कडेला तापलेली सुई टेकवून पाहावी. हे रबर वितळतं, सिलिकॉन वितळत नाही. हा फरक फार कामाचा, कारण सिलिकॉनसाठी बनवलेले रंग आणि गोंद यावर धरत नाहीत आणि सिलिकॉनचा पॉलिश-स्प्रे एकदा मारला की त्यावर पुढे कोणताच रंग धरत नाही. मोटारीचा डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे जुन्या रबरावर ‘तजेला’ आणतो म्हणून मारलेले प्लिओ पाहायला मिळतात. त्यांच्यापुढे हात टेकावेत.

अशा मऊ रबरात तेल मुरवलेलं असतं, त्याशिवाय ते मऊ राहत नाही. वर्षं गेली की ते थोडं थोडं पृष्ठभागावर येतं आणि कातडी चिकट लागते. वरून माणसाच्या हाताचं तेल, घाम, क्रीम. दोन्ही बाजूंनी तेल, मधे रंगाचा पातळ थर. हनुवटीखालचा रंग नुसता घासून गेलेला नसतो. आधी तो तेलाने मऊ पडलेला असतो आणि मग बोटाने निघतो. म्हणून त्याच्यावर तसाच नवा रंग चढवला तर तोही सालीसारखा सुटून येतो. कामाचा निम्म्याहून अधिक वेळ तेल काढण्यात जायला हवा. बहुतेकांचा तो रंग मिसळण्यात जातो, कारण ते काम जास्त मजेचं आहे.

आधी पोटाखालची बॅटरी काढायची. मग कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रावणाचे दोन थेंब टाकून, त्यात सुती फडकं बुडवून, घट्ट पिळून पुसायचं. पाणी ओघळेल इतकं ओलं फडकं नको. कातडीखाली सरळ वायरी आहेत आणि मानेच्या घडीतून पाणी आत जातं. द्रावणाचा अंश राहू नये म्हणून नुसत्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसून घ्यायचं. कातडी तासभर वाळली की, फक्त जिथे रंग द्यायचा तिथेच, इअरबडवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकेक फटका मारायचा. घासायचं नाही. इअरबडवर हिरवट रंग आला तर थांबायचं, मूळ रंगही निघायला लागलेला आहे. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल यांच्या बाटल्या त्या खोलीतही नकोत. थिनरने हे रबर फुगतं, मऊ पडतं, आणि मग बोटाचा ठसा त्यावर कायमचा उमटतो. डाग काढायचा पांढरा मेलामाईन स्पंज निरुपद्रवी वाटतो, पण तो बारीक पॉलिशपेपरच असतो. शाईचा किंवा गडद कपड्याचा डाग रबरात मुरलेला असेल तर तो निघत नाही, घासून कातडी मात्र पातळ होते. असा डाग पुसण्यापेक्षा रंगाखाली झाकलेला बरा.

रंगासाठी साधे ॲक्रिलिक आणि त्यात फॅब्रिक मीडियम (रंगाला लवचीक करणारं द्रव) ही जोडी सर्वांत भरवशाची. पाठीसाठी दोन भाग रंगाला एक भाग मीडियम, मान आणि शेपटीच्या बुडासाठी निम्मं-निम्मं. आपल्याकडे मिळणारे फेविक्रिलसारखे कापडावरचे रंगही चालतात, ते मुळातच लवचीक असतात. फक्त बाटलीवर लिहिलेली इस्त्री फिरवून रंग पक्का करायची सूचना इथे विसरायची. कापडाला जी उष्णता मानवते तिने ही कातडी वितळून बसते. गरम हवेचा ड्रायरही नको. घाई असेल तर थंड हवा, नाहीतर पंखा. धातूची भुकटी किंवा ग्रॅफाइट असलेले रंग सेन्सरच्या जागांवर टाळावेत, कारण सेन्सरना स्पर्श कातडीतून ओळखायचा असतो आणि वीज वाहणारा थर त्यात अडथळा आणू शकतो. नाकातला कॅमेरा आणि तोंडातला इन्फ्रारेड सेन्सर रंग लावायच्या आधीच कागदी टेपने झाकायचे. ही टेपही कातडीवर रात्रभर ठेवू नये, निघताना ती जुना रंग घेऊन येते.

छटा जुळवताना आधी धुतलेल्या, वाळलेल्या कातडीशीच जुळवायची. मळक्या कातडीशी जुळवलेला रंग धुतल्यावर गबाळा दिसतो. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे ओला असताना किंचित फिका वाटायला हवा. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्याच्या मागे ठिपका देऊन तो वाळू द्यावा आणि चमचाच प्लिओच्या अंगाला लावून पाहावा, दिवसाच्या उजेडात. ट्यूबमधला हिरवा फार तरतरीत असतो. त्याला शांत करायला काळा घालायचा मोह होतो, पण काळ्याने तो मातकट न होता मेल्यासारखा होतो. रॉ अंबरचा, म्हणजे मातकट तपकिरी रंगाचा, टिपूस घालावा, आणि पाठीकडे जाताना थोडा पिवळा ऑकर. डोकं आणि मान मिळून अर्धा चमचा मिश्रण पुष्कळ होतं.

ब्रश बाजूला ठेवायचा. मूळ रंगाच्या कडा फवारल्यासारख्या मऊ आहेत, ब्रशची रेघ त्यांच्यात लगेच ओळखू येते, आणि ब्रशचा रंग खवल्यांच्या फटींत साचतो. फटीतला जाड थर सर्वांत आधी तडकतो. मेकअपच्या स्पंजचा बोराएवढा तुकडा तोडायचा (कापायचा नाही, कापलेल्या कडेचा ठसा उमटतो), चिमट्यात धरायचा, रंगात टेकवून कागदावर निम्मा रंग टिपून टाकायचा आणि मग ठोकत ठोकत लावायचा. पहिला हात इतका विरळ असावा की काही झालंच नाही असं वाटावं. अर्ध्या तासाने दुसरा. तीन-चार हातांत छटा भरते. मध्यभागापासून बाहेर जाताना रंग कमी करत न्यायचा आणि जुन्या रंगावर पाऊण सेंटीमीटरभर चढवायचा, म्हणजे सांधा दिसत नाही.

मानेला एक युक्ती लागते. मान सरळ असताना आतल्या घड्या मिटलेल्या असतात आणि त्यांच्यात रंग पोचत नाही. पूर्ण वळवून ताणलेल्या कातडीवर लावला तर मान परत फिरताना रंग सुरकुततो. मधली स्थिती हवी. ती हाताने मान पिरगाळून मिळवायची नसते, त्याने आतले दाते जातात. तात्पुरती बॅटरी घालून प्लिओ चालू करायचा आणि तो स्वतः मान थोडी वळवेल तेव्हा तिथेच बंद करायचा. मोटरी जिथल्या तिथे राहतात. एक बाजू झाली, पूर्ण वाळली, की पुन्हा चालू करून दुसरी बाजू. एका मानेला असा जवळजवळ आठवडा जातो, कारण शेवटच्या हातानंतर निदान तीन दिवस हलवायचं नाही, आणि मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात त्याहून जास्त.

वाळल्यावर हाताला किंचित चिकट लागणं या रंगाच्या स्वभावातच आहे. लवचीक आणि अजिबात न चिकटणारा, असा रंग या किमतीत मिळत नाही. मॅट वॉर्निशने चिकटपणा जातो, पण मॅटपणा आणणारी भुकटी थर ठिसूळ करते. पाठीवर ते खपतं, मानेवर नाही. मानेवर मऊ मोठ्या ब्रशने चिमूटभर टाल्कम पावडर फिरवावी आणि उरलेली झटकून टाकावी. चकाकीही मरते. बेबी पावडरचा वास काही दिवस येत राहतो, आणि पिल्लाच्या अंगाला तो इतका शोभतो की बिनवासाची पावडर आणायला कुणी जात नाही.

चिरा हे मात्र निराळं प्रकरण आहे, आणि तिथे हयगय चालत नाही. उडालेला रंग नुसताच वाईट दिसतो, चीर रोज वाढते. ती बहुतेकदा मानेच्या बुडाशी किंवा पायाच्या काखेत, घडीच्या तळाशी सुरू होते, दोन-तीन मिलिमीटरची. चिरेच्या टोकाशी सगळा ताण एका बिंदूवर येतो, म्हणून प्रत्येक हालचालीत ती थोडी पुढे जाते. पहिलं काम ते टोक गोल करण्याचं: तापवलेल्या सुईने टोकाशी बारीक भोक वितळवायचं. धारदार टोक गेलं की चिरेचा जोर ओसरतो. मग आतून ठिगळ.

लोक इथे दोन गोष्टी हटकून करतात आणि दोन्ही अंगाशी येतात. पहिली, फेविक्विकसारखा झटपट गोंद. तो काचेसारखा कडक होतो. चीर मिटते, पण कडक रेघेच्या शेजारची मऊ कातडी नव्याने फाटते आणि एकाच्या दोन चिरा होतात. दुसरी, सुईदोऱ्याची शिवण. शिवलेली चीर पाहायला फार समाधान देते, पण प्रत्येक टाक्याचं भोक नव्या चिरेची सुरुवात असतं. ओळीने पाडलेल्या भोकांवर ओढ पडली की कातडी टपालतिकिटाच्या कडेसारखी सरळ फाटत जाते. द्रव लॅटेक्सही सुचवलं जातं, त्यात रंग छान मिसळतो आणि पहिल्या दिवशी निकाल देखणा असतो. पण नैसर्गिक रबराला तेल सोसत नाही. कातडीतलं तेल त्याला आतून फुगवतं आणि काही महिन्यांनी ठिगळाची कड सुटते.

टिकतं ते असं: जुन्या नायलॉनच्या पायमोज्याचा किंवा पातळ लायक्राचा गोल तुकडा, चिरेच्या चारही बाजूंनी एक सेंटीमीटर मोठा. कोपरे ठेवायचे नाहीत, कोपऱ्यापासून ठिगळ उचलतं. चिरेतून वाकडा चिमटा घालून आतली बाजू अल्कोहोलने पुसायची, मग बूट दुरुस्तीचा लवचीक, रबरासारखा वाळणारा गोंद काडीने पातळ पसरायचा. अशा गोंदांत बऱ्याचदा टोल्युईनसारखं द्रावक असतं, तेच या रबराला किंचित विरघळवून पकड देतं. तोच त्याचा धोकाही आहे: जाड थर लावला तर कातडी मऊ पडून आत ओढली जाते आणि बाहेरून खड्डा दिसतो. काडीवर मुगाएवढा गोंद पुरे. खिडक्या उघड्या ठेवायच्या. ठिगळ आत सारून, चिरेच्या दोन्ही कडा बोटांनी एकमेकींना नुसत्या भिडवून पाच मिनिटं धरायच्या, आणि मग तीन दिवस प्लिओला झोपू द्यायचं. गोंद आतल्या वायरीला किंवा दात्याला लागत नाही ना, हे टॉर्चने पाहायला विसरू नये. ठिगळाची कातडी थोडी कमी ताणली जाते, म्हणून मान त्या बाजूला एखाद्या अंशाने अडखळते. तेवढं सोडून द्यायचं.

२०१३ मध्ये जिनिव्हाच्या लिफ्ट या तंत्रज्ञान परिषदेत माणूस-रोबो नात्याच्या अभ्यासक केट डार्लिंग आणि त्यांचे सहकारी हानेस गासर्ट यांनी प्लिओंवर एक कार्यशाळा घेतली होती. लोकांना गटागटाने पिल्लं खेळायला दिली आणि तासाभराने ती बांधायला, मारायला, शेवटी नष्ट करायला सांगितलं. कुणी तयार होईना. एका पिल्लाचा बळी द्या नाहीतर सगळी पिल्लं जातील, असं म्हटल्यावर एकाने कुऱ्हाड उचलली. ती पिल्लं लोकांनी जेमतेम तासभर हाताळलेली होती. ज्याच्या हनुवटीचा रंग उडालेला आहे असं पिल्लू त्या टेबलावर असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न मानेच्या चिरेत चिमटा घालताना डोक्यात येतोच. बॅटरी आधी काढायची सूचना सगळे देतात आणि कारण तांत्रिक सांगतात, शॉर्ट होऊ नये, दाते अडकू नयेत. ते खरंच आहे. पण चालू असलेल्या प्लिओला शेपटीला धरून उलटा केला की तो कण्हतो, आणि कण्हणाऱ्या जनावराच्या गळ्यात गोंदाची काडी कुणाच्याने नीट फिरवता येत नाही, हेही तितकंच खरं.

तेव्हा किती करायचं? माझं मत सांगायचं तर मान, काखा, शेपटीचं बूड यांचं काम पूर्ण करावं, कारण तिथली झीज यंत्राची आहे आणि ती थांबवली नाही तर पसरते. पाठ आणि खांदे जमतील तसे. डोक्याच्या टकलाची फक्त कड मऊ करावी, मध्यभाग राहू द्यावा. हनुवटीला हातच लावू नये. विकायला काढलेल्या प्लिओची हनुवटी नवी कोरी रंगवलेली दिसली तर मला उलट संशय येतो; बाकी काय काय रंगवलं आहे ते विचारून घ्यावं, आणि मान दोन्ही बाजूंना वळवतानाचा व्हिडिओ मागावा. रंग ओढाताणीत पांढुरका पडत असेल तर मीडियम कमी पडलं आहे.

काम झाल्यावर पहिल्यांदा चालू करायचं ते चार-पाच मिनिटांपुरतं. मानेच्या घड्या बोटाने उघडून पाहायच्या: बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या तर तेवढ्याच जागी, निम्म्याहून जास्त मीडियम घालून, एक विरळ हात. ठेवताना जुन्या सुती पांढऱ्या कपड्यात गुंडाळायचा, वर्तमानपत्रात कधीच नाही, शाई रबरात उतरते. पाय आणि मान सरळ असावी, घडीवर वजन पडून महिनोन्‌महिने राहिलं की तिथेच पुढची चीर धरते. आणि उरलेला मिसळलेला रंग घट्ट झाकणाच्या छोट्या डबीत, वर प्रमाण आणि तारीख लिहून, त्याच खोक्यात ठेवावा. दोन-तीन वर्षांत मानेला तो पुन्हा लागतो, आणि तीच छटा दुसऱ्यांदा जुळवणं पहिल्यापेक्षा कठीण असतं.